ओझे कोणाच्या खांद्यावर?

सर्व्हरचे नेटवर्क कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि साठवणीची कामे : बिघाडाचा शोध कसा घेतला जातो

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, नवी उपकरणे आणि देणग्यांचा विनियोग यांची माहिती असते, आणि ती असणे योग्यच आहे. ज्या खोलीत रुग्ण कधी जात नाही आणि जिच्या दारावर कोणा दात्याच्या नावाची पाटी लागत नाही, त्या सर्व्हर कक्षाच्या वाट्याला मात्र अहवालातील एखादी ओळच येते.

तथापि रुग्णांच्या नातेवाइकांचा एक नेहमीचा प्रश्न अखेर याच खोलीपर्यंत येऊन पोहोचतो. ‘तपासणी होऊन इतका वेळ झाला, मग डॉक्टरांच्या संगणकावर चित्र अजून का दिसत नाही?’ विश्वस्तांचा प्रश्नही तेथेच येतो. ‘सर्व्हर नवा, स्विच नवा, केबलही नवी, मग हा संथपणा कशाचा?’ या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा एका तळहाताएवढ्या कार्डात आणि ते कार्ड चालविणाऱ्या एका छोट्या आज्ञावलीत दडलेले असते. हा विषय तांत्रिक असला तरी त्यामागील विचार कोणत्याही सुजाण वाचकास समजण्याजोगा आहे. आपण दिलेल्या निधीतून घेतलेली यंत्रे बिघाडाच्या वेळी कशी तपासली जातात, हे आपणांस ठाऊक असावे या हेतूने पुढील माहिती सादर करीत आहोत.

चित्राचा प्रवास

सीटी स्कॅनचे एक चित्र सामान्यतः उभे ५१२ आणि आडवे ५१२ बिंदूंचे असते. प्रत्येक बिंदूसाठी दोन बाइट लागतात असे धरले तर एका चित्राचा आकार सुमारे अर्धा मेगाबाइट होतो. रक्तवाहिन्यांच्या तपासणीत अशी हजारभर चित्रे निघू शकतात. म्हणजे एका रुग्णाच्या एकाच तपासणीचे सुमारे ५०० मेगाबाइट झाले.

ही चित्रे स्कॅन यंत्राकडून सर्व्हरकडे येतात. मोठ्या रुग्णालयांत सर्व्हर ती बहुधा स्वतःच्या पोटात ठेवीत नाही. अनेक डिस्क एकत्र बसविलेल्या वेगळ्या साठवण-यंत्रणेत ती ठेवली जातात. सर्व्हर आणि साठवण-यंत्रणा यांना जोडण्याची एक प्रचलित पद्धत म्हणजे आयस्कझी. डिस्कला द्यावयाच्या ‘लिही’ आणि ‘वाच’ या आज्ञा नेहमीच्या नेटवर्कवरूनच पाठविण्याची ही रीत २००४ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. स्वतंत्र व महागड्या केबलजाळ्याची गरज तिने कमी केली, म्हणून मर्यादित निधीत चालणाऱ्या संस्थांना ती विशेष सोयीची ठरली. मात्र या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते. ज्या नेटवर्क कार्डातून पूर्वी केवळ निरोप जात असत, त्यातूनच आता रुग्णाची संपूर्ण नोंद ये-जा करू लागते.

यातील वेळेचे मोल किती, हे एका उदाहरणावरून कळेल. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असता, गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची स्कॅनने खात्री करून घेणे अनिवार्य असते, कारण रक्तस्राव असताना तेच औषध घातक ठरते. रुग्णाला गावाहून आणण्यातच या साडेचार तासांतील बराचसा काळ गेलेला असतो. उरलेल्या वेळेतील मिनिटे संगणकाच्या पडद्यावर फिरणाऱ्या चक्राकडे पाहत घालविणे कोणालाही परवडणारे नाही.

ड्रायव्हर आणि ऑफलोड

नेटवर्क कार्ड म्हणजे सर्व्हरचे दार. प्रत्येक उत्पादकाच्या कार्डाची रचना निराळी असते. सर्व्हरवरील मूळ कार्यप्रणालीला ती सर्व ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून उत्पादक आपल्या कार्डासाठी एक दुभाष्या पुरवितो. तोच ड्रायव्हर होय. याखेरीज कार्डाच्या आतही एक आज्ञावली कोरलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. कार्यप्रणाली, ड्रायव्हर आणि फर्मवेअर या तिघांचे परस्परांशी जुळणे आवश्यक असते. तिघे आपापल्या जागी निर्दोष असूनही त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी न जुळल्याने बिघाड होतो, असा अनुभव सर्वत्र येतो.

आता ऑफलोड म्हणजे काय ते पाहू. नेटवर्कवरून मजकूर सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करावे लागतात. नेहमीच्या व्यवस्थेत एका पॅकेटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. वर उल्लेखिलेल्या ५०० मेगाबाइटच्या तपासणीची अशी सुमारे साडेतीन लाख पॅकेट होतात. एक गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून पूर्ण आकाराची पॅकेट सेकंदाला सुमारे ८१ हजार जाऊ शकतात. दहा गिगाबिटच्या जोडणीवर हीच संख्या आठ लाखांवर जाते. प्रत्येक पॅकेट कापणे, त्यावर पत्ता घालणे आणि मजकुरात बिघाड झाला नाही हे पुढे ताडता यावे म्हणून त्यावर एक पडताळा-बेरीज लिहिणे, ही सारी कामे सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसरने करावयाची म्हटली, तर त्याची बरीच शक्ती केवळ टपाल हाताळण्यात खर्च होते.

म्हणून ही कामे कार्डाकडे सोपविण्याची कल्पना पुढे आली. प्रोसेसर ६४ किलोबाइटपर्यंतचा गठ्ठा एकदम कार्डाच्या हाती देतो आणि कार्ड त्याचे सुमारे ४५ तुकडे करून रवाना करते. पडताळा-बेरीजही कार्डच लिहिते. प्रोसेसरच्या डोक्यावरील ओझे उतरवून ते कार्डाच्या खांद्यावर देणे, हेच ऑफलोडिंग होय.

कोणते काम सोपवावे, कोणते सोपवू नये

सोपविण्याची कामे दोन प्रकारची असतात आणि त्यांतील भेद ध्यानात आला की या विषयाचे मर्म हाती येते.

पहिल्या प्रकारच्या कामाला मागचे काही आठवावे लागत नाही. पॅकेट कापणे आणि बेरीज लिहिणे ही अशी कामे आहेत. वॉर्डात एखाद्या सहायकास रुग्णाचे तापमान पाहून कागदावर लिहावयास सांगावे, तसे हे आहे. त्यात चूक झाली तर तापमान पुन्हा पाहता येते; रुग्णाची सूत्रे डॉक्टरांच्याच हाती राहतात.

दुसऱ्या प्रकारात संपूर्ण संभाषणच कार्डाच्या स्वाधीन केले जाते. कोणाशी काय बोलणे चालू आहे, कोठवर आले, कोणते पॅकेट पोहोचले व कोणते पुन्हा पाठवावयाचे, हे सारे कार्ड लक्षात ठेवते आणि प्रोसेसर त्यातून अंग काढून घेतो. हे म्हणजे केसपेपरच दुसऱ्याच्या हवाली करण्यासारखे आहे. ज्याच्याकडे तो दिला तो गोंधळला, तर मूळ डॉक्टरांपाशी पुढे चालविण्यास काहीच उरत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचा मोठा प्रयोग मायक्रोसॉफ्टने ‘टीसीपी चिमनी’ या नावाने केला. विंडोज सर्व्हर २००३ साठी तो २००६ मध्ये स्वतंत्रपणे देण्यात आला आणि मार्च २००७ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर त्या प्रणालीवर आपोआप सुरू झाला. त्यानंतर ठिकठिकाणच्या सर्व्हर-व्यवस्थापकांना चमत्कारिक अनुभव येऊ लागले. जोडण्या मध्येच तुटत, फायलींची नक्कल रेंगाळे, दुरून सर्व्हरवर प्रवेश मिळत नसे. यंत्र बदलले नव्हते, केबल बदलली नव्हती. बदलले होते ते कामाचे वाटप. कित्येक कार्डांचे ड्रायव्हर हे नवे ओझे पेलण्यास तयार नव्हते. अखेर २००८ मध्ये कंपनीने ही सोय मूळ स्थितीत बंद ठेवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि विंडोज सर्व्हर २०१६ पर्यंत तर ती वापरूच नये अशी शिफारस केली.

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या नेटवर्क विभागाची धुरा वाहणाऱ्यांनी हा मार्ग प्रथमपासूनच नाकारला होता. कार्डाच्या आतील आज्ञावली बंदिस्त असते. तिच्यात सुरक्षेची त्रुटी आढळली तर ती दुरुस्त करणे बाहेरच्यांच्या हाती राहत नाही, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. मागचे आठवावे न लागणाऱ्या कामांचे ऑफलोडिंग मात्र लिनक्सनेही स्वीकारले आणि ते आजही सर्वत्र वापरात आहे. म्हणूनच ‘ऑफलोड वाईट, सरसकट बंद करा’ हा सल्ला जितका अपुरा, तितकाच ‘वेग वाढतो, सर्व सुरू करा’ हाही अपुरा.

साठवणीची हुंडी

नेटवर्क कार्डाप्रमाणेच साठवण-यंत्रणेकडेही काही कामे सोपविता येतात. साठवणीच्या एका कप्प्यातील ५०० मेगाबाइट मजकूर तिच्याच दुसऱ्या कप्प्यात ठेवावयाचा आहे, असे समजू. जुन्या रीतीप्रमाणे सर्व्हर तो सगळा मजकूर नेटवर्कवरून स्वतःकडे ओढून घेतो आणि त्याच नेटवर्कवरून परत पाठवितो. एका खोलीतले धान्य शेजारच्या खोलीत ठेवण्यासाठी ते आधी बाजारात नेऊन आणण्याचाच हा प्रकार झाला.

यावर काढलेला उपाय आपल्या व्यापारी परंपरेस अपरिचित नाही. पुण्याच्या पेढीवरून काशीस रक्कम पाठविताना रोकड वाटेने नेत नसत. हुंडी जात असे आणि तेथील पेढी रक्कम अदा करीत असे. विंडोज सर्व्हर २०१२ पासून उपलब्ध झालेल्या व्यवस्थेत नेमके हेच होते. सर्व्हर साठवण-यंत्रणेकडून मजकुराऐवजी एक टोकन घेतो, ते पुन्हा तिलाच सादर करतो आणि मजकूर आतल्या आत हलविला जातो. व्हीएमवेअर कंपनीने आपल्या आभासी सर्व्हरांच्या प्रणालीत अशाच स्वरूपाची सोय २०१० मध्ये आणली होती.

हुंडी मात्र दोन्ही पेढ्यांनी मानावी लागते. सर्व्हरवरील विषाणूरोधक किंवा बॅकअपची आज्ञावली मजकुराच्या वाटेवर पहारा करीत बसलेली असते. तिला टोकनची भाषा कळत नसेल, तर सर्व्हर निमूटपणे जुन्या रीतीवर येतो. काम होते, पण रेंगाळत होते. पडद्यावर चुकीची कोणतीही सूचना येत नाही. अशा वेळी दोष साठवणीत शोधणे व्यर्थ असते.

काम सोपविले, पण घेणारा सज्ज नव्हता, याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फाइल पुसल्यानंतर ‘ही जागा आता मोकळी झाली’ असे साठवण-यंत्रणेस आपोआप कळविण्याची सोय व्हीएमवेअरने २०११ मधील आवृत्तीत दिली. काही साठवण-यंत्रणांना त्या आज्ञा पूर्ण करण्यास इतका वेळ लागू लागला, की त्यांच्या मागे उभी राहिलेली इतर कामे मुदत संपून फसू लागली. कंपनीने ती सोय बंद करण्याचा सल्ला दिला आणि पुढे ती केवळ हाताने चालविण्याजोगी ठेवली. २०१६ च्या आवृत्तीत तीच सोय सावकाश चालेल अशा बेताने पुन्हा आपोआप सुरू करण्यात आली. कल्पना चुकीची नव्हती. तिला झेपेल असा वेग ठरविण्यास काही वर्षे जावी लागली.

एक नमुना तक्रार

बिघाडाचा शोध प्रत्यक्षात कसा घेतला जातो हे समजण्यासाठी अशा कक्षांत वारंवार येणारी एक तक्रार घेऊ. प्रयोगशाळेचे अहवाल क्षणार्धात उघडतात, रुग्णाचे नाव शोधल्यास लगेच सापडते; सीटीची चित्रे मात्र उघडू लागतात आणि मध्येच थबकतात. सर्व्हर चालू आहे, साठवण-यंत्रणा चालू आहे आणि दोघांमध्ये साधी हाक मारून पाहिली तर ओ मिळते. मग अडते कोठे?

लहान मजकूर जातो आणि मोठा अडतो, हीच येथे खूण आहे. साठवणीच्या जोडणीवर पुष्कळदा १५०० ऐवजी ९००० बाइटची मोठी पॅकेट वापरतात. त्यामुळे ५०० मेगाबाइटसाठी साडेतीन लाखांऐवजी साठ हजारांहून कमी पॅकेट पुरतात. परंतु सर्व्हर, स्विच आणि साठवण-यंत्रणा या तिन्ही ठिकाणी हा आकार मान्य असावा लागतो. दोन टोकांना ९००० ठरले आणि मधल्या स्विचचा एक दरवाजा १५०० वरच राहिला, तर मोठे पॅकेट तेथे मुकाट्याने टाकून दिले जाते. पाठविणाऱ्यास त्याचा निरोपही मिळत नाही. प्रारंभीचा नमस्कार-चमत्कार लहान पॅकेटांनी होत असल्यामुळे जोडणी मात्र सुदृढ भासते.

यात ड्रायव्हरचा संबंध दोन प्रकारे येतो. एक म्हणजे काही ड्रायव्हर या आकारात पत्त्याचे १४ बाइट धरून ९०१४ असा आकडा दाखवितात, तर काही ते न धरता ९००० दाखवितात. दोन कार्डांवर वेगळे आकडे दिसले म्हणजे चूक आहेच असे नव्हे आणि सारखे दिसले म्हणजे सर्व ठीक आहे असेही नव्हे. दुसरे म्हणजे ड्रायव्हरची नवी आवृत्ती चढविताना जुनी सेटिंग्ज पुसली जाऊन मूळ स्थितीवर येऊ शकतात. काल चालणारी व्यवस्था आज केवळ एवढ्याने अडते.

याची परीक्षा सोपी आहे. तुकडे करू नयेत अशी अट घालून ८९७२ बाइटची हाक पाठवावयाची. तिला २८ बाइटची शीर्षके जोडली की बरोबर ९००० होतात. साधी हाक पोहोचते आणि ही पोहोचत नाही असे दिसले, की दोष वाटेतील आकारात आहे हे निश्चित होते. त्यासाठी नवा सर्व्हर घ्यावा लागत नाही, डिस्क बदलाव्या लागत नाहीत. पाच मिनिटांची एक चाचणी पुरते. ती चाचणी ठाऊक असलेली व्यक्ती मात्र असावी लागते.

साक्षीदार कोठे उभा आहे?

नेटवर्कवरील पॅकेट पाहण्यासाठी वायरशार्कसारखी साधने विनामूल्य मिळतात. त्यांची साक्ष घेताना एक सावधगिरी बाळगावी लागते. हे साधन सर्व्हरवरच चालविले, तर ते बाहेर जाणारे पॅकेट कार्डाकडे पोहोचण्यापूर्वीच पाहते. पडताळा-बेरीज लिहिण्याचे काम कार्डाकडे सोपविले असेल, तर त्या क्षणी ती लिहिलेलीच नसते. साहजिकच ‘बेरीज चुकली’ असे शेकडो इशारे पडद्यावर येतात आणि नवखा तपासनीस निर्दोष कार्डास दोषी ठरवितो. त्याचप्रमाणे १५०० च्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठी पॅकेट दिसतात, कारण ती अद्याप कापलेली नसतात. खरी परिस्थिती पाहावयाची तर स्विचवरून पॅकेटांची प्रत काढून दुसऱ्या संगणकावर पाहावी लागते.

वरवरच्या साक्षीवर विसंबण्यातील धोका २००८ च्या एका घटनेने जगापुढे आणला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लिनक्सच्या २.६.२७ या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी चालू असता, इंटेलच्या काही गिगाबिट नेटवर्क चिपांमधील कायमची स्मृतीच बिघडू लागली. कार्डाची स्वतःची ओळख याच स्मृतीत असते. ती गेल्यावर संगणकास कार्ड ओळखताच येईना. संशय अर्थातच त्या चिपच्या ड्रायव्हरवर गेला. उबुंटूच्या तेव्हाच्या चाचणी-आवृत्तीतून तो ड्रायव्हर तात्पुरता वगळण्यात आला. सखोल शोधानंतर निष्पन्न झाले ते वेगळेच. कार्यप्रणालीच्या अंतर्गत हालचालींचा माग काढणारी एक निराळीच सोय आधीच मोकळ्या झालेल्या स्मृतीच्या पत्त्यावर लिहीत होती आणि दरम्यान तोच पत्ता कार्डाच्या कायम स्मृतीस मिळालेला होता. ऑक्टोबरमध्ये ती सोय बंद ठेवण्यात आली. ड्रायव्हरमध्ये तत्पूर्वीच कार्डाच्या स्मृतीवर कोणास लिहिता येऊ नये असा बंदोबस्त करण्यात आला होता. मूळ कारण सापडण्यापूर्वी हानी थांबविणे आणि हानी थांबल्यावरही मूळ कारणाचा पाठपुरावा न सोडणे, हा क्रम वैद्यकशास्त्रास नवा नाही.

वेगाहून मोठी गोष्ट

आतापर्यंतची चर्चा मुख्यतः वेगाविषयी झाली. रुग्णालयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, जे लिहिले तेच परत वाचले जाते काय?

२००० मध्ये जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातील नेटवर्कवरील पॅकेटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केबलवरील तपासणीत उत्तीर्ण झालेल्या पॅकेटांपैकीही दर १,१०० ते ३२,००० मागे एक पॅकेट पुढच्या पडताळा-बेरजेत नापास होत असल्याचे त्यांना आढळले. याचा अर्थ असा, की पुष्कळशी हानी केबलमध्ये नव्हे, तर यंत्रांच्या आत, म्हणजे स्मृतीत, कार्डात आणि आज्ञावलीत होत होती.

ऑफलोडिंगच्या संदर्भात याचे महत्त्व सहज लक्षात येईल. बेरीज प्रोसेसरने लिहिली, तर कार्डापर्यंतच्या वाटेत झालेली हानीही पुढे पकडता येते. बेरीज कार्डाने लिहिली, तर तोपर्यंत बिघडलेल्या मजकुरावरच ‘बरोबर’ असा शिक्का बसतो. म्हणून आयस्कझीच्या प्रमाणातच मजकुरावर आणखी एक स्वतंत्र व अधिक कडक पडताळा ठेवण्याची ऐच्छिक सोय आहे. ती वापरल्यास प्रोसेसरचे काम वाढते, म्हणून ती अनेक ठिकाणी बंद ठेवली जाते. तथापि २००८ नंतरच्या इंटेल प्रोसेसरांत हीच आकडेमोड झटपट करणारी आज्ञा अंतर्भूत झाल्याने तो भार पुष्कळ हलका झाला आहे. जेथे रुग्णाच्या मेंदूचे चित्र साठवावयाचे आहे, तेथे थोडा वेग देऊन अधिक खात्री घेणे श्रेयस्कर, हे विश्वस्त मंडळास व दात्यांस वेगळे पटवून देण्याची आवश्यकता नसावी.

शोधाची शिस्त

वरील विवेचनाच्या आधारे अशा बिघाडात पाळावयाचा क्रम थोडक्यात असा सांगता येईल.

१. प्रथम रुग्णसेवा. स्कॅन यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर चित्रे सामान्यतः काही काळ उपलब्ध असतात. तातडीच्या रुग्णाचे निदान तेथून होईल अशी व्यवस्था आधी करावी, शोध त्यानंतर.

२. तक्रार नेमकी लिहून घ्यावी. ‘संगणक मंद आहे’ एवढ्याने काही कळत नाही. कोणता विभाग, कोणती वेळ, लहान मजकूर की मोठा, वाचताना की लिहिताना, हे विचारावे.

३. शेवटचा बदल कोणता, हे नोंदवहीत पाहावे. ड्रायव्हर, फर्मवेअर, कार्यप्रणालीची दुरुस्ती, विषाणूरोधक, स्विच यांपैकी ज्यास अलीकडे हात लागला, तेथून आरंभ करावा.

४. कार्ड आणि स्विच यांचे अंतर्गत मोजमाप पाहावे. किती पॅकेट टाकली गेली, किती सदोष निघाली, किती पुन्हा पाठवावी लागली, हे आकडे दोन्ही बाजूंना उपलब्ध असतात. लिनक्सवर ‘एथटूल’ हे साधन ड्रायव्हरची आवृत्ती, ही मोजमापे आणि कोणते ऑफलोड चालू आहे ही माहिती देते.

५. एका वेळी एकच बदल करावा. ऑफलोडचा एक प्रकार बंद करावा, पाहावे, लिहावे. गुण न आल्यास पूर्ववत करून पुढचा घ्यावा. पाच बदल एकदम केल्यास बिघाड जाईलही, परंतु कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळणार नाही.

६. नवा ड्रायव्हर प्रथम चाचणीच्या सर्व्हरवर चढवावा, उत्पादकाच्या अनुरूपता-यादीशी ताडून पाहावा आणि जुनी आवृत्ती हाताशी ठेवावी.

७. दोष सापडल्यावर कारण, उपाय आणि तारीख नोंदवावी. पुढच्या पाळीतील सहकाऱ्यास तोच शोध पुन्हा करावा लागू नये.

आपल्या रुग्णालयातील वैद्यकीय व परिचारिका वर्गास ही सात कलमे परिचित वाटतील. कारण निदानाची रीत याहून फारशी वेगळी नसते.

दात्यांस व नातेवाइकांस विनंती

नातेवाइकांस एवढेच सांगावेसे वाटते, की चित्र उघडण्यास विलंब होणे म्हणजे चित्र हरवणे नव्हे. तातडीच्या रुग्णाबाबत विलंब होत असल्यास तेथील डॉक्टरांना स्कॅन यंत्रावर चित्र पाहण्याविषयी निःसंकोच विचारावे.

दात्यांस आणि विश्वस्तांस एक नम्र निवेदन आहे. यंत्र विकत घेण्यासाठी निधी देताना दात्याच्या डोळ्यांसमोर ते यंत्र उभे असते. चाचणीसाठी ठेवलेला दुसरा सर्व्हर, पेटीत पडून राहिलेले पर्यायी कार्ड, देखभालीचा वार्षिक करार आणि नोंदवही काटेकोरपणे भरणाऱ्या तंत्रज्ञाचे तास मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीत. मात्र पाच मिनिटांच्या चाचणीने सुटणारा दोष ओळखण्याऐवजी नवे यंत्र खरेदी करण्याची पाळी येऊ नये, असे वाटत असेल तर या अदृश्य बाबींवरील खर्च हीच खरी काटकसर होय. अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीच्या शेजारी त्याच्या देखभालीचा स्तंभही असावा आणि देणगी देताना दात्यांनी त्या स्तंभाकडेही कृपादृष्टी वळवावी.

सर्व्हर कक्षातील ओझे कार्डाच्या खांद्यावर द्यावे की प्रोसेसरच्या, हे तंत्रज्ञ ठरवितील. ते पेलणाऱ्या प्रत्येक खांद्याची वेळोवेळी तपासणी व्हावी, ही जबाबदारी मात्र संस्थेची आहे आणि ती आपल्या सहकार्यानेच पार पडणार आहे. 

— संगणक व माहिती विभाग